लोकसभेचा बूथ एजंट: नागपूरच्या मतदान केंद्रावर पहाटे सव्वापाचपासून मतमोजणीपर्यंत

मतदान सकाळी सातला सुरू होतं आणि संध्याकाळी सहाला संपतं. बूथ एजंटचं अर्धं काम मात्र सातच्या आधी असतं आणि उरलेलं अर्धं सहानंतर. मधले अकरा तास डोळे उघडे ठेवून एका जागी बसायचं असतं. बऱ्याच उमेदवारांचे एजंट नेमके उलटं करतात: साडेसातला येतात, दिवसभर वाद घालतात आणि साडेपाचला "आता काही होत नाही" म्हणून घरी जातात. अशा एजंटचा उमेदवाराला काहीच उपयोग होत नाही. मतदान केंद्रावर एजंट लागतो तो नोंद ठेवायला, आणि त्या नोंदीतला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे १७-सीची, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्याची, प्रत.

पुढचा सगळा मजकूर लोकसभेच्या मतदानापुरता आहे. विधानसभेलाही बहुतेक गोष्टी अशाच चालतात. महापालिकेचं गणित वेगळं असतं, ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो.

आधी मतदारसंघ नीट समजून घ्या

लोकसभेच्या ५४३ जागांपैकी ४८ महाराष्ट्रात आहेत, आणि नागपूर जिल्ह्यात दोन मतदारसंघ येतात. क्रमांक १० नागपूर: यात दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम आणि उत्तर हे शहरातले सहा विधानसभा विभाग. क्रमांक ९ रामटेक, अनुसूचित जातींसाठी राखीव: यात काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी आणि रामटेक. वाडीत किंवा हिंगण्यात राहणारा माणूस सहज "मी नागपूरचा" म्हणतो, पण त्याचं मत रामटेकला पडतं. हे एजंट नेमताना फार महत्त्वाचं ठरतं. एजंट शक्यतो त्याच केंद्राचा किंवा शेजारच्या केंद्राचा मतदार असावा, आणि तसा कोणी मिळाला नाही तर निदान त्याच विधानसभा विभागातला तरी. जरीपटक्याचा कार्यकर्ता पारडीच्या केंद्रावर बसवायचा ठरवलात तर पहाटे केंद्राध्यक्ष त्याला दारातूनच परत पाठवतील, कारण एक उत्तर नागपूरचा आणि दुसरं पूर्वचं. यादी बनवताना प्रत्येक नावापुढे विभाग, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून घ्या.

शासकीय नोकरीत असलेल्याला एजंट करू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १३४-अ प्रमाणे तो गुन्हा आहे आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर गल्लीत सगळ्यांना ओळखतात, म्हणून त्यांनाच गळ घातली जाते. त्यांची नोकरी धोक्यात घालू नका. पोलीस संरक्षण असलेल्या नेत्यालाही आत बसता येत नाही.

नमुना १० आणि पिशवी

नेमणूक होते नमुना १० वर. उमेदवार किंवा त्याचा निवडणूक प्रतिनिधी सही करतो. प्रत्येक केंद्रावर एक मुख्य आणि दोन बदली एजंट नेमता येतात, पण आत एका वेळी एका उमेदवाराचा एकच बसतो. नमुन्याच्या तळाशी एजंटचं घोषणापत्र असतं. तिथली सही घरून करून आणू नका, ती केंद्राध्यक्षांसमोरच करायची असते. आधीच सही केलेला कागद नेला की तो नाकारला जाऊ शकतो, आणि पहाटे साडेपाचला कोरा नमुना शोधत कोणाकोणाला उठवणार? म्हणून जोडीला एक कोरा, उमेदवाराची सही असलेला नमुना ठेवावा. नाव, भाग क्रमांक आणि केंद्राचं नाव खाडाखोड न करता लिहा.

पिशवीत काय हवं: नमुना १०, मतदार ओळखपत्र, मतदार यादीची प्रत, दोन पेनं, एक वही, केंद्रावर येणाऱ्या यंत्रांचे क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आणि दोन रुपयांची आठ-दहा नाणी. नाणी कशाला ते पुढे येईल. मोबाईल आत नेता येत नाही, त्यामुळे मनगटी घड्याळ लावून जा. सगळ्या नोंदींपुढे वेळ लागते आणि शाळेच्या भिंतीवरचं घड्याळ बंद असू शकतं. पक्षाचा दुपट्टा, टोपी, बिल्ला घरीच ठेवायचा. केंद्रापासून १०० मीटरच्या आत पक्षाचं चिन्ह मिरवणं हा प्रचारच धरला जातो.

पाण्याची मोठी बाटली आणि डबा घ्या. २०२४ ला इथं १९ एप्रिलला मतदान झालं. त्या दिवसांत दुपारी दोनला नागपुरातल्या पत्र्याच्या वर्गखोलीत काय होतं ते कोणाला सांगायला नको. ताक किंवा कैरीचं पन्हं सोबत असू द्या. उन्हानं डोकं दुखायला लागलं की माणूस पहिल्यांदा नोंदीच सोडतो.

यंत्रांच्या क्रमांकाची चिठ्ठी कुठून आणायची? यंत्रांचं दोनदा यादृच्छिक वाटप होतं: पहिल्यांदा विधानसभा विभागनिहाय आणि दुसऱ्यांदा केंद्रनिहाय. दुसऱ्या वाटपाची यादी उमेदवाराला मिळते, त्यातून आपल्या केंद्रापुढचे कंट्रोल युनिट (अधिकाऱ्याजवळचं, मतं साठवणारं यंत्र), बॅलेट युनिट (मतदार ज्यावर बटण दाबतो ते) आणि व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापून दाखवणारं यंत्र) यांचे क्रमांक उतरवून घ्यायचे. पहाटे यंत्र पेटीतून बाहेर निघालं की पहिलं काम म्हणजे हे क्रमांक ताडून पाहणं. न जुळणारा क्रमांक म्हणजे लगेच घोटाळा असं धरू नका. ऐनवेळी यंत्र बदललेलं असू शकतं. पण केंद्राध्यक्षांना विचारा, त्यांच्याकडच्या नोंदीत बदल दाखवलाय का ते पाहा आणि नवा क्रमांक लिहून घ्या.

साडेपाच ते सात: अभिरूप मतदान

मतदानाच्या ९० मिनिटं आधी, साडेपाचला, मॉक पोल सुरू होतो, म्हणजे यंत्रं नीट चालतात का ते पाहायला घेतलेलं चाचणी मतदान. सव्वापाचला दारात असायलाच हवं. निदान दोन उमेदवारांचे एजंट नसतील तर केंद्राध्यक्ष पंधरा मिनिटं थांबतात आणि मग कोणाची वाट न पाहता सुरू करतात. उशिरा आलेल्याला "पुन्हा दाखवा" म्हणण्याचा हक्क उरत नाही.

आधी यंत्रांची मांडणी पाहा. नागपूरमध्ये २०२४ ला २६ उमेदवार होते. नोटा धरून २७ बटणं झाली. एका बॅलेट युनिटवर १६ बटणं, म्हणून दोन युनिटं लागली: पहिल्यावर १ ते १६, दुसऱ्यावर १७ ते २७. दुसऱ्यावरची उरलेली पाच बटणं झाकलेली असायला हवीत. दोन युनिटं डावीकडून उजवीकडे योग्य क्रमाने ठेवली आहेत ना, हे आधी बघा. क्रम उलटा झाला की म्हातारी माणसं गोंधळतात आणि रांग तुंबते.

व्हीव्हीपॅटकडे जरा जास्त लक्ष द्या. त्याच्या मागे एक गोल नॉब असतो, आडवा असला की कागदाचा रोल अडकवलेला आणि उभा केला की मोकळा. प्रवासात आडवा ठेवतात. तो उभा न करता कंट्रोल युनिट चालू केलं की बिघाड दाखवतो आणि एक चांगलं यंत्र बदलीला जातं. दुसरी गोष्ट, व्हीव्हीपॅट थेट बल्बखाली किंवा खिडकीतून ऊन येणाऱ्या जागी ठेवू नये. तीव्र उजेडात त्याचे सेन्सर चुकतात. शेजारच्याच भंडारा-गोंदियात २८ मे २०१८ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट मोठ्या संख्येनं बंद पडले आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. सकाळी साडेपाचला सावलीत असलेला कोपरा दुपारी चारला उन्हात येतो, म्हणून पश्चिमेची खिडकी कुठे आहे ते आत शिरताच पाहून ठेवा आणि मतदान कक्षाची जागा बदलायला आताच सुचवा. एकदा मतदान सुरू झालं की टेबल हलवायला कोणी तयार होत नाही, आणि होऊही नये. तारा जोडताना किंवा काढताना कंट्रोल युनिट बंद असलंच पाहिजे.

मग केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटवर शून्य मतं दाखवतात आणि व्हीव्हीपॅटची पेटी रिकामी असल्याचं दाखवतात. ती पेटी डोकावून बघा, लाजू नका. यंत्र चालू होताना व्हीव्हीपॅट स्वतःची तपासणी करून उमेदवाराचं नाव नसलेल्या सात चिठ्ठ्या पाडतं. त्या मतांत धरायच्या नाहीत.

मॉक पोलमध्ये किमान ५० मतं टाकायची आणि नोटासकट प्रत्येक बटण निदान एकदा दाबलं गेलं पाहिजे. २७ बटणं म्हणजे प्रत्येकी एक मत देऊन २३ उरतात. ती एजंटांनी आळीपाळीनं मनाला येईल तशी द्यावीत, ठरावीक क्रमाने नकोत. वहीत आधीच १ ते २७ आकडे उभे लिहून ठेवा आणि प्रत्येक दाबणीला त्या आकड्यापुढे एक रेघ मारा. पाचव्या रेघेला आडवी पट्टी. शेवटी तीन गोष्टी जुळायला हव्यात: तुमच्या वहीतल्या रेघा, कंट्रोल युनिटचा निकाल आणि मोजलेल्या चिठ्ठ्या. एक मत कमी-जास्त आलं तर बहुधा रेघ मारणाऱ्याचीच चूक असते. तरीही पुन्हा मोजायला सांगा, तेवढा वेळ असतो.

आता सर्वांत धोक्याचं पाऊल. निकाल पाहून झाल्यावर कंट्रोल युनिटवरची मॉक पोलची मतं पुसायची असतात. क्रम असा: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. घाईत क्लिअर राहून जातं. मग ती ५० मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि संध्याकाळी यंत्रातला आकडा नोंदवहीशी जुळत नाही. मतमोजणीच्या वेळी असं यंत्र बाजूला ठेवतात. जिंकण्यातलं अंतर अशा बाजूला ठेवलेल्या केंद्रांच्या एकूण मतांपेक्षा कमी असेल तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजाव्या लागतात. एका बटणाच्या विसरण्यानं केवढा व्याप! म्हणून क्लिअरनंतर टोटल दाबून शून्य दाखवायला नम्रपणे सांगा आणि ते शून्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मॉक पोलच्या प्रमाणपत्रावर सही करू नका. चिठ्ठ्यांचंही तेच. पेटीतली एकूण एक चिठ्ठी बाहेर निघाली पाहिजे, सात चाचणी चिठ्ठ्यांसकट. प्रत्येकीच्या पाठीवर मॉक पोलचा शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात बंद होतात. ते पाकीट प्लास्टिकच्या डब्यात जातं आणि त्यावर गुलाबी कागदी सील लागतं.

त्यानंतर कंट्रोल युनिटच्या निकालाच्या कप्प्याला हिरवं कागदी सील लागतं. त्याच्या पांढऱ्या बाजूवर केंद्राध्यक्षांची सही होते आणि एजंटलाही सही करता येते. करा. सीलवर छापील क्रमांक असतो, तो पूर्ण अक्षरा-आकड्यासह वहीत उतरवा. मग विशेष टॅग, त्याचाही क्रमांक. व्हीव्हीपॅटच्या पेटीला ॲड्रेस टॅग. हे तीन-चार क्रमांक लिहायला दोन मिनिटं लागतात आणि मतमोजणीच्या टेबलावर यांच्याइतका उपयोगी दुसरा काही पुरावा नसतो.

सात ते सहा

बसण्याची रांग ठरलेली असते: आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय पक्षांचे एजंट, मग मान्यताप्राप्त राज्य पक्षांचे, मग इतर राज्यांतल्या मान्यताप्राप्त पक्षांचे, नंतर नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त, आणि शेवटी अपक्षांचे. जागा मात्र अशी हवी की आत येणाऱ्या मतदाराचा चेहरा दिसेल आणि पहिला मतदान अधिकारी नाव वाचतो ते ऐकू येईल. मतदान कक्षाच्या आतलं दिसेल अशी जागा कोणालाच मिळत नाही आणि मागूही नये.

पहिला अधिकारी ओळख पटवून नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो. दुसरा १७-ए नोंदवहीत नोंद करतो, सही किंवा अंगठा घेतो, डाव्या तर्जनीला शाई लावतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा कंट्रोल युनिटवर बॅलेट बटण दाबतो. मतदार आत जाऊन बटण दाबतो, व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती पेटीत पडते आणि लांब बीप वाजतो.

तुम्ही काय करायचं? वाचलेलं नाव आपल्या यादीत शोधून खूण करा. नाव कोणाचं, समोर कोण उभं आहे, एवढं बघा. मध्य नागपुरात एकाच यादी भागात पराते, निनावे, हेडाऊ अशी आडनावं पानोपानी येतात. नाव आणि वडिलांचं नावही सारखं निघतं. अशा वेळी अनुक्रमांक आणि घर क्रमांकानंच ओळख ठरते. यादीत चुकीच्या ओळीवर खूण झाली की दुपारी खरा मतदार येतो आणि "तुमचं मत झालं" असं ऐकून हताश होतो. पहिल्या अधिकाऱ्याची नजर चुकताना दिसली तर लगेच, पण शांतपणे सांगा. हे काम कोणत्याही पक्षाचं नसतं.

ही खूण केलेली यादी मतदान संपेपर्यंत केंद्राबाहेर नेता येत नाही. कोणी मत दिलं, कोणी दिलं नाही याच्या चिठ्ठ्या बाहेर पाठवणंही मना आहे. बाहेरच्या मंडळींचा दबाव याचसाठी असतो. ऐकू नका, तुमची जागा जाईल.

ओळखीसाठी मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटोसह बँक किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगा कार्ड, फोटो असलेलं पेन्शनचं कागदपत्र असे पर्याय चालतात. घरी वाटलेली मतदार माहिती चिठ्ठी २०१९ पासून ओळख म्हणून चालत नाही. ती घेऊन आलेल्या आजीबाईंशी वाद घालण्यापेक्षा घरून आधार आणायला सांगा. नावापुढे टपाली मतपत्रिकेची खूण असेल तर त्या व्यक्तीला केंद्रावर मत देता येत नाही. ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले ज्या मतदारांनी घरून मतदान मागितलं, त्यांच्या बाबतीत असं होतं. घरच्यांना हे आधी माहीत नसतं आणि उन्हात आणलेल्या आजोबांना परत न्यावं लागतं. म्हणून आदल्या दिवशी आपल्या यादीत ही नावं बघून त्या घरी निरोप द्यावा.

अनुपस्थित, स्थलांतरित आणि मृत अशा मतदारांची एक वेगळी यादी केंद्राध्यक्षांकडे असते. एएसडी यादी म्हणतात तिला. त्यातलं कोणी आलं तर मत नाकारलं जात नाही, फक्त ओळख काटेकोर तपासतात आणि सहीबरोबर अंगठाही घेतात. सगळ्या दिवसात एजंटनं सर्वांत सावध राहायचं ते याच नावांवर.

तोतया वाटला तर आक्षेप घ्या, पण पद्धत पाळा. आक्षेप फक्त ओळखीवर घेता येतो. वय, नागरिकत्व, पत्ता यांवर नाही. ते वाद यादी बनताना संपलेले असतात. आक्षेपाची वेळ म्हणजे नाव वाचल्याबरोबर, मतदार कक्षाकडे वळण्याआधी. दोन रुपये रोख जमा करावे लागतात, म्हणून ती नाणी. केंद्राध्यक्ष जागेवरच चौकशी करतात. आक्षेप सिद्ध झाला तर त्या माणसाला पोलिसांकडे देतात, नाही झाला तर मत देऊ देतात. उगाच घेतलेल्या आक्षेपाचे दोन रुपये जप्त होतात. दोन रुपये कोणाला जड नाहीत, पण उगाच तीनदा आक्षेप घेणाऱ्याचं चौथ्यांदा कोणी ऐकत नाही.

खऱ्या मतदाराच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर त्याला प्रदत्त मत देता येतं. ते यंत्रावर नसतं, कागदी मतपत्रिकेवर असतं आणि त्याची नोंद नमुना १७-बी मध्ये होते. ही मतं नेहमीच्या मोजणीत येत नाहीत. निवडणूक न्यायालयात गेली तर मात्र यांनाच वजन येतं. मतदाराला हा हक्क माहीत नसतो. त्याला परत जाऊ देऊ नका, केंद्राध्यक्षांना सांगा.

"मी एकाला दिलं, चिठ्ठी दुसऱ्याची आली" असं कोणी म्हणालं की केंद्रावर लगेच गलका होतो. नियम ४९-एमए त्यासाठीच आहे. खोटी तक्रार केल्यास शिक्षा होते याची जाणीव देऊन मतदाराकडून लेखी घोषणापत्र घेतात, मग एजंटांसमोर चाचणी मत टाकायला लावतात. चिठ्ठी खरंच चुकीची निघाली तर मतदान तिथंच थांबतं. बरोबर निघाली तर १७-ए मध्ये आणि १७-सी मध्ये तशी नोंद होते. एजंट म्हणून तुम्ही साक्षीला उभे राहा आणि वेळ व कोणत्या उमेदवाराला चाचणी मत गेलं ते लिहा, कारण ते मत शेवटी वजा करायचं असतं.

यंत्र बिघडलं तर? मतदान चालू असताना कंट्रोल किंवा बॅलेट युनिट बंद पडलं की व्हीव्हीपॅटसह सगळा संच बदलतो, आणि नव्या संचावर नोटासह प्रत्येकाला एकेक मत देऊन छोटा मॉक पोल होतो. नुसतं व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलतं, मॉक पोल होत नाही. जुन्या कंट्रोल युनिटमधली मतं सुरक्षित राहतात आणि मोजणीला दोन्ही यंत्रं येतात. जुन्यावर बंद पडताना किती मतं होती, वेळ काय, नव्याचे क्रमांक आणि सील क्रमांक काय, ही नोंद त्या क्षणी झाली नाही तर नंतर कधीच होत नाही.

दर दोन तासांनी, म्हणजे ९, ११, १, ३ आणि ५ वाजता, केंद्राध्यक्षांना मतांचा आकडा वर कळवावा लागतो. तो आकडा तुम्हीही लिहा आणि तुमच्या खुणांशी ताडा. नागपुरात २०२४ ला सुमारे ५४ टक्के मतदान झालं. दुपारी एक ते चार रांग अगदी पातळ होते, आणि साडेचारनंतर पुन्हा भरते. जेवायचं असेल, बदली एजंटला बसवायचं असेल तर ते याच वेळात उरकून घ्या. जाताना यादी आणि वही त्याच्या हातात द्या.

सहानंतर

सहा वाजता दार बंद होतं, पण रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या रांगेच्या शेपटापासून वाटत येतात: सर्वांत मागच्याला क्रमांक १. त्यामुळे मागून कोणी घुसू शकत नाही. हे वाटप उभं राहून पाहा.

शेवटचं मत झालं की क्लोज बटण. यंत्रावर एकूण आकडा येतो आणि त्यानंतर एकही मत टाकता येत नाही. आता १७-सीचा पहिला भाग भरला जातो. एक उदाहरण घ्या. समजा १७-ए मध्ये शेवटचा अनुक्रमांक ८१२ आहे. नोंदवहीत सही करून मत द्यायला नकार देणारे दोन. मतदानाची गुप्तता मोडल्यामुळे मत देऊ न दिलेला एक. तर यंत्रावर ८०९ दिसायला हवेत. प्रदत्त मत एक असेल तर ते या हिशेबात धरत नाहीत, त्याची ओळ वेगळी असते. चाचणी मत असेल तर ते कोणत्या उमेदवारातून वजा करायचं तेही वेगळं लिहिलं जातं. कागदी सीलांचा हिशेबही याच नमुन्यात असतो: किती मिळाली, किती वापरली, किती परत, कोणतं खराब झालं. सकाळच्या वहीतले क्रमांक काढून एकेक ताडा.

८०९ च्या जागी ८५९ दिसले तर? नेमका ५० चा फरक म्हणजे मॉक पोल पुसला गेला नाही. एका-दोनाचा फरक बहुधा नोंदवहीत अनुक्रमांक उडाल्याचा किंवा शाई लावून मतदार मत न देताच निघून गेल्याचा असतो. फरक लपवायचा नाही, भांडायचंही नाही. केंद्राध्यक्षांनी तो आहे तसा नोंदवला पाहिजे.

मग प्रत. हजर असलेल्या प्रत्येक एजंटला १७-सीची साक्षांकित प्रत देणं केंद्राध्यक्षांवर बंधनकारक आहे, आणि तुम्ही पोच म्हणून सही करता. दिवसभर थकलेले कर्मचारी "उद्या घ्या" म्हणतात तेव्हा त्यांचा राग धरू नका, पण प्रत न घेता उठूही नका. हवं तर त्यांना कागद भरायला मदत म्हणून आकडे वाचून दाखवा. प्रत वाचता येते का, यंत्राचा क्रमांक नीट उमटलाय का, एकूण आकडा अक्षरात लिहिलाय का, शिक्का-सही आहे का, हे दिव्याखाली बघून मगच घडी घाला.

पेट्यांना सील लागताना थांबा. यंत्रं घेऊन जाणाऱ्या गाडीमागे उमेदवाराच्या माणसांना स्वतःच्या गाडीनं जाता येतं, आणि स्ट्राँगरूमच्या कुलपावर उमेदवाराला स्वतःचं सीलही लावता येतं. १७-सी मात्र त्याच रात्री निवडणूक प्रतिनिधीकडे पोचवा. नागपूर मतदारसंघात दोन हजारांहून अधिक केंद्रं आहेत. विधानसभा विभागनिहाय, केंद्र क्रमांकानुसार सहा फायली आणि ज्या केंद्राची प्रत आली नाही त्यांची वेगळी यादी, एवढं मतमोजणीच्या आधी तयार हवं.

मोजणीच्या टेबलावर ही प्रत कशी वापरायची

मतमोजणी प्रतिनिधीची नेमणूक नमुना १८ वर, फोटोसह, आणि यादी मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत द्यावी लागते. २०२४ ला ४ जूनला नागपूर आणि रामटेक दोन्हींची मोजणी कळमना मार्केट यार्डात झाली. प्रत्येक विधानसभा विभागासाठी वेगळं सभागृह आणि साधारण १४ टेबलं असतात. म्हणजे एका फेरीत १४ केंद्रं. विभागात ३५० केंद्रं असतील तर २५ फेऱ्या होतात. सकाळी आठला टपाली मतं सुरू होतात आणि अर्ध्या तासानं यंत्रं.

टेबलावर कंट्रोल युनिट आलं की निकालाचं बटण दाबण्याआधी चार गोष्टी बघा: यंत्राचा क्रमांक, हिरव्या सीलचा क्रमांक, टॅगचा क्रमांक, आणि टोटल. चारही तुमच्या १७-सीशी आणि वहीशी जुळले की निकाल घ्या. एखादा जुळत नसेल तर निकाल उघडण्यापूर्वीच सहायक निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी द्या. टेबलावर आरडाओरड केली तर पोलीस बाहेर काढतात आणि मुद्दा तिथंच राहतो. निकाल १७-सीच्या दुसऱ्या भागात उतरतो. त्यावर सही करण्याआधी सगळ्या उमेदवारांच्या आणि नोटाच्या मतांची बेरीज पहिल्या भागाच्या एकूण आकड्याशी जुळवा.

सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा विभागातली पाच केंद्रं चिठ्ठी टाकून निवडतात आणि त्यांचे व्हीव्हीपॅट मोजतात. नागपूर लोकसभेत सहा विभाग, म्हणजे ३० केंद्रं. यंत्र आणि चिठ्ठ्या यांत फरक आला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात. फेरमोजणी हवी असेल तर अंतिम आकडे वाचून झाल्यावर आणि निकाल जाहीर होण्याआधी, कारणांसह लेखी मागावी लागते. "आम्हाला शंका आहे" हे कारण होत नाही. "केंद्र क्रमांक अमुक, १७-सीत एकूण ८०९, टेबलावर ८११" हे कारण होतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत, खर्च भरून, विभागातल्या पाच टक्क्यांपर्यंत यंत्रांची तपासणी मागता येते. सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला तसा निर्णय दिला. कोणत्या केंद्रांची यंत्रं मागायची हे तुमच्या वह्याच सांगू शकतात. आणि निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते, नागपूरकरांसाठी ती इथल्याच खंडपीठात. तोवर १७-सीच्या प्रती, मॉक पोलच्या रेघांची वही, बिघाडाच्या वेळा आणि बदललेल्या यंत्रांचे क्रमांक यातलं काहीही टाकून देऊ नका. प्रती मोबाईलवर स्कॅन करून ठेवा, पण मूळ कागद वेगळ्या फायलीत कोरड्या जागी ठेवा, कारण मृग लागला की जूनमध्ये कार्बनच्या प्रती ओल धरतात आणि आकडे पसरतात.